खांबाजवळची ओली माती: शाळा समितीला आणि १९९५ च्या दहावीला एक खुले पत्र

प्रति,
शाळा समितीचे अध्यक्ष व सर्व सदस्य,
मुख्याध्यापक सर,
आणि आपल्या दहावीच्या बॅचमधले सगळे,

स. न. वि. वि.

हे पत्र मी मुद्दाम उघड लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं तर दोन अंगठे आले असते, कुणीतरी हात जोडले असते, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला असता आणि विषय वर सरकून गेला असता.

डिसेंबरच्या स्नेहमेळाव्यात आपली बॅच शाळेला भेट म्हणून काहीतरी देणार आहे. त्यासाठी मीही पाच हजार रुपये पाठवले. पाठवताना मेसेजमध्ये 'शाळेच्या सुशोभीकरणासाठी' एवढंच होतं. मला वाटलं, रंगकाम असेल, वाचनालयाला कपाट असेल, फार तर गेटवर कमान. गेल्या आठवड्यात ठेकेदाराचं कोटेशन आणि नकाशा ग्रुपवर आला तेव्हा कळलं, की गेटपासून हापशापर्यंत सगळं पटांगण पेव्हर ब्लॉकनी झाकायचं आहे. करडे आणि लाल ब्लॉक, मधोमध चांदणीची नक्षी. नकाशा मी मोठा करून पाहिला. नक्षी येते ती जागा म्हणजे आपल्या खो-खोच्या मैदानाची मधली पाटी, दोन खांबांमधला खेळाडू बसतात तो पट्टा.

माझी तक्रार त्या नकाशाबद्दल आहे. पण त्याआधी एक जुनी गोष्ट कबूल करायची राहिलीय. ती ज्यांनी ऐकायला हवी होती त्यातले पीटीचे सर आता नाहीत. दुसरी व्यक्ती कुठे आहे मला माहीत नाही.

साल १९९३. ऑगस्ट महिना. पुढच्याच महिन्याच्या शेवटी किल्लारीचा भूकंप झाला, त्यामुळे साल डोक्यात पक्कं बसलंय. आपण नववीत होतो. तालुक्याच्या शालेय स्पर्धा त्या वर्षी आपल्या शाळेत भरल्या, कारण आपलं मैदान चांगलं होतं. चांगलं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. माणदेशात ऑगस्टमध्ये पाऊस असतो तो पंचांगात. जमीन मुरमाड, पायाखाली करकरणारी. त्या जमिनीवर सरांनी सहा-सात वर्षं खपून मैदान केलं होतं. आधी खडे वेचायचे. पीटीचा पहिला अर्धा तास सगळी पोरं ओळीने उकिडवी बसून खडे वेचत पुढे सरकायची. मग बारीक मुरूम, मग पाणी, मग रोलर. रोलर ओढायला मुलं, पाणी मारायला मुली. ही वाटणी कुणी केली होती देव जाणे, कळशी रोलरपेक्षा हलकी असते असं ज्याला वाटतं त्याने हापसा कधी हापसलेला नसावा.

खांबांजवळची गोष्ट निराळी होती. खो-खो खेळलेल्यांना ती ठाऊक आहे. पाठलाग करणारी खांबाला हात घालून वळते, सगळा भार एका टाचेवर येतो आणि महिन्या-दोन महिन्यांत खांबाभोवती बशीसारखा खड्डा पडतो. तो भरायला सर कुणाच्या तरी मळ्यातून बैलगाडीने काळी माती आणायचे, कारण मुरूम तिथे टिकत नसे. काळी माती घट्ट बसते. पण तिच्यावर पाणी जास्त झालं की तिचं लोणी होतं. म्हणून सरांचा एक नियम होता. हापशावरून कळशी घेऊन निघालं की ते लांबूनच ओरडायचे, "खांबापाशी वतू नका गं! शिंपडा, शिंपडा!"

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी विहिरीकडच्या खांबाची बाजू माझ्याकडे होती. शेवटची कळशी पार कोपऱ्यात न्यायची होती. तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. हात भरून आले होते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि अख्खी कळशी खांबाच्या बुडाशी रिकामी केली. वरून पायाने थोडी कोरडी माती लोटली.

मग दुपारचा सामना.

समोरचा संघ तालुक्यातल्याच मोठ्या गावातला होता. त्यांच्याकडे एकसारखे टी-शर्ट होते. आमच्याकडे शाळेचे शर्ट आणि घराघरांतून भावांच्या गोळा केलेल्या पँटी. माझी पँट कमरेला नाडी ओवून आवळली होती, ती सुटेल ही भीती मला हरण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. सात-सात मिनिटांचे डाव. नाणेफेक आम्ही जिंकलो आणि आक्रमण घेतलं. पहिल्या डावात आम्ही त्यांचे सात गडी टिपले, त्यांनीही आमचे सात. दुसऱ्या आक्रमणात आम्हाला सहा मिळाले. तेरा-सात. शेवटची सात मिनिटं आम्हाला पळायचं होतं आणि त्यांना बरोबरीसाठी सहा गडी हवे होते.

आमची पहिली तुकडी चार मिनिटांत संपली. तेरा-दहा. दुसऱ्या तुकडीत आम्ही तिघी आत शिरलो. एक जण शिरल्या शिरल्या गेली. दुसरी बरीच टिकली, बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळत तिने दोन मिनिटं काढली, मग पाठीमागून आलेल्या खोला फसली. तेरा-बारा. मैदानात मी एकटी. मी बाद झाले की बरोबरी, आणि तिसरी तुकडी आत येऊन उरलेल्या सेकंदांत आणखी एक गेली की सामना गेला. गुणलेखकाच्या टेबलाजवळून कुणीतरी ओरडलं, "पन्नास सेकंद!"

पन्नास सेकंद ही वेळ बसस्टँडवर काहीच नसते. त्या चौकटीत फार असते. आठ जणी पाटीवर बसलेल्या, एकीचं तोंड एका बाजूला तर दुसरीचं नेमकं उलट, आणि नववी तुमच्या मागे. ती कुणालाही खो देईल. म्हणजे पळताना मागच्या पावलांकडे कान आणि पुढच्या पाठींकडे डोळे. कोणती पाठ ताणली गेलीय, कुणाची टाच उचललीय. मला आजही गर्दीत कोण उठणार ते आधी कळतं. पोस्टात काउंटरवर बसते तेव्हा रांगेतला कोण आता भांडायला पुढे येणार, तेही कळतं.

त्यांची सगळ्यात चपळ मुलगी माझ्या मागे लागली. उंच, दोन वेण्या मागे एकत्र बांधलेल्या. छातीवर चार नंबर. एकदा ती माझ्या इतकी जवळ आली की तिच्या श्वासाची ऊब मला मानेवर लागली. मी हूल दिली, ती फसली नाही. मी विहिरीकडच्या खांबाकडे धावले. हिशेब सोपा होता: खांबाशी पोचायचं, पलीकडे ओलांडायचं. मला मधली पाटी कुठूनही ओलांडता येते, तिला येत नाही. तिला खांबाला वळसा घालूनच यावं लागतं.

मी खांबाशी थोडी लांबून वळले. ती खांबाला हात घालून अगदी बुडातून वळली.

तिची टाच सरकल्याचा आवाज मी ऐकला, चिखलात बोट ओढल्यासारखा. ती आडवी झाली. पुढच्या झटक्यात तिने पडल्या पडल्याच माझ्या पायाच्या दिशेने सूर मारला, हे मला अजून विसरता येत नाही. सरकणाऱ्या मातीवरून, एका गुडघ्यावर जोर देऊन. तिची बोटं माझ्या घोट्यापासून वीतभर मागे मातीत रुतली. ती उठून उभी राहीपर्यंत मी पार दुसऱ्या टोकाला होते. थोड्या वेळाने लांब शिट्टी झाली.

मुलींनी मला उचललं, नाडी टिकली, सरांनी फेटा नव्हता म्हणून गळ्यातला रुमाल उडवला. या सगळ्यात मी तिला पाहत होते. ती खांबाशी उकिडवी बसून गुडघ्यातली माती थुंकीने पुसत होती. सालपट निघालं होतं, रक्त होतं, पण ती स्वतःच्या पायाने चालत आली, सगळ्यांशी हात मिळवले आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, "हितं पाणी कुणी वतलं हुतं गं?"

मी म्हटलं, "म्हाईत नाय."

एवढंच. गेली बत्तीस वर्षं ती दोन शब्दांची थाप माझ्याकडे पडून आहे. मी लांबून वळले ते मुद्दाम, की पायांना सवय होती म्हणून, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. खरं उत्तर मला सांगता येत नाही. त्या क्षणी मला ओली जागा आठवत होती हे मात्र खरं.

सरांना बहुधा समजलं होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला एकटीला बोलावलं, घमेलं हातात दिलं आणि म्हणाले, "त्या खांबाची माती काढ, वाळव आणि पुन्हा भर. मला काही सांगू नकोस." मी चार दिवस ते करत होते. तुमच्यातल्या काहींनी विचारलंही होतं, जिंकून दिलं तिलाच शिक्षा कशी काय म्हणून.

पुढे आम्ही जिल्ह्याला गेलो आणि पहिल्याच सामन्यात एक डाव राखून हरलो. तो सामना कुणाला आठवत नाही, पण मला त्यातली एक गोष्ट नेमकी आठवते. तिथलं मैदान खडी दाबलेलं होतं. आमच्या संघात सूर मारणाऱ्या चार मुली होत्या. त्या दिवशी चौघींपैकी एकीनेही सूर मारला नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पायाने एकदा जमीन चाचपली आणि अंगाला समजलं. सर नेहमी चिडायचे, त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या एसटीत सगळ्यांना भजी घेऊन दिली.

आता नकाशाकडे येते. ज्या ठिकाणी ती चार नंबरची मुलगी पडली, तिथे तुम्ही करडा ब्लॉक दाखवला आहे. तिथे ब्लॉक असता तर एक तर ती वळलीच नसती, किंवा वळली असती तर गुडघ्याची वाटी घेऊन घरी गेली असती. माझ्या आळसाची किंमत तिने एका सालपटात भागवली, कारण खाली माती होती.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. धूळ उडते, खरं आहे. पहिल्या पावसात चिखल होतो आणि पांढरे मोजे फुकट जातात. १५ ऑगस्टला पाहुण्यांची गाडी रुतली होती म्हणे. शिपाईमामांना रोज झाडावं लागतं. ग्रुपवर एकाने लिहिलं, की शेजारच्या इंग्रजी शाळेत ब्लॉक आहेत आणि आपली पटसंख्या त्यामुळे तिकडे जाते. पटसंख्या का जाते ते आपण सगळे जाणतो, त्यात ब्लॉकचा वाटा किती हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणखी एक मुद्दा आला, की आता खो-खोचा संघ आहेच कुठे? बरोबर. सर निवृत्त झाल्यावर ती जागा भरली नाही. खांब उपटून सायकल स्टँडमागे टाकलेत, दिवाळीत आले तेव्हा पाहिले. पण त्याच दिवशी, सुट्टी असून, त्या पटांगणावर सहा-सात मुली लंगडी खेळत होत्या. अनवाणी. एक पडली, उठली, फ्रॉक झटकला आणि डाव तिच्यावर आला म्हणून भांडायला लागली. एप्रिलमध्ये आपल्याकडे ऊन कसं असतं ते तुम्हाला मी काय सांगू. त्या उन्हात तापलेल्या ब्लॉकवर अनवाणी पाय ठेवून बघा. सुट्टीत मुलं वर्गातच बसू लागतील आणि मग आपणच म्हणू, हल्लीची पोरं मोबाइल सोडत नाहीत.

पाण्याचंही सांगते. ज्या तालुक्यात लोकांनी घरचं काम टाकून डोंगरावर श्रमदानाने चर खणले, पावसाचा थेंब जिथे पडेल तिथे जिरावा म्हणून, त्या तालुक्यातली शाळा स्वतःच्या पैशाने दोन एकर जमीन झाकून सगळं पाणी गेटबाहेरच्या गटारात सोडणार. हापशाला आताच पाणी कमी आहे. आणि त्या कडुलिंबाच्या बुंध्याभोवती नकाशात जेमतेम दोन फूट मोकळं ठेवलंय, ते कुणी ठरवलं?

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत शाळेला काय काय हवं त्या यादीत खेळाचं मैदान आहे, खेळाचं साहित्य आहे, सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकही आहे. ते मैदान मातीचं असावं असं कुठे लिहिलेलं नाही. ब्लॉक टाकल्यावरही तपासणीच्या कागदावर मैदान 'आहे' असंच लागेल, याची मला खात्री आहे. म्हणून तर तुम्हाला लिहितेय, तपासणीवाल्यांना नाही.

२०२५ च्या जानेवारीतला आपला ग्रुप आठवा. १९ तारखेला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, पाठोपाठ मुलांनीही नेपाळलाच ५४-३६. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे, मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. त्या रात्री ग्रुपवर झेंड्यांचा पाऊस पडला. 'आपल्या मातीतला खेळ' असं किमान पाच जणांनी लिहिलं, मी मोजले. त्यातल्या दोघांनी आता ब्लॉकच्या कोटेशनखाली 'लय भारी' लिहिलंय.

विश्वचषक मॅटवर झाला, हे कुणीतरी म्हणणारच. झाला. दिल्लीतल्या बंदिस्त स्टेडियममध्ये मॅट असते. आपल्या शाळेला मॅट कोण देणार आहे? दिली तरी ठेवणार कुठे, वाचनालयाला अजून कपाट नाही. आपल्या तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, ती काही लहानपणी सिंथेटिक ट्रॅक बघून मोठी झाली नव्हती. पायाखाली माती होती आणि ती फुकट होती. ती तरी राहू द्या.

माझी मागणी पूर्ण पटांगणाची नाही. गेटपासून झेंड्यापर्यंत रस्ता करा, गाड्यांसाठी एक बाजू करा, ब्लॉक टाकायची हौस तिथे भागवा. मोठ्या गटाचं खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर असतं. बाजूने दीड-दीड मीटर मोकळी जागा धरली तर ३० बाय १९. म्हणजे साडेपाच-पावणेसहा गुंठे. दोन एकरांतून एवढंच मागतेय. त्यावर दोन इंचांचा थर द्यायला साधारण दहा ब्रास मुरूम लागेल. माझे पाच हजार त्यात धरा, कमी पडले तर पुढच्या महिन्यात आणखी देते. खांब नवे घ्यायची गरज नाही, सायकल स्टँडमागचे दोन्ही सरळ आहेत, मी हात लावून पाहिलेत. फक्त जमिनीवर सव्वाशे सेंटिमीटरपर्यंत राहतील असे पुरा आणि वरची कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर हात कापतात.

स्नेहमेळाव्याच्या आदल्या दिवशी मी येणार आहे. येताना दोरी आणि फक्कीची गोणी घेऊन येते, पाट्या आखायला तुमच्यातले चार जण द्या. खडे वेचायला सगळेच बसा, गुडघे दुखतील त्यांनी खुर्ची घेऊन बसा. त्या मोठ्या गावात कुणाची ओळख असेल तर तेव्हाच्या त्यांच्या चार नंबरच्या मुलीचा पत्ता काढा आणि तिलाही निमंत्रण पाठवा. पाणी कुणी ओतलं होतं ते मला तिला सांगायचंय.

पाणी मारायचं काम मात्र या वेळी दुसऱ्या कुणाला तरी द्या.

आपली,
नववी ब मधली, विहिरीकडच्या खांबाची